चार शॉकअपची निवड

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून आयकरापर्यंत नाना विषयांवर व्याख्याने झाली आहेत. मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरवर व्याख्यान व्हावे अशी मागणी मात्र कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तथापि गेले वर्षभर आम्ही चौघे सभासद रविवारच्या कार्यक्रमांना गैरहजर का असतो, आणि आलोच तर आमची नखे काळी का असतात, याचा जाब कार्यकारिणीने विचारला. आणि हा खुलासा लेखी न घेता जाहीरपणे तोंडीच घ्यावा, असा ठरावही झाला. त्या ठरावाची ही अंमलबजावणी होय. आम्हां चौघांत एक निवृत्त रेल्वे अभियंता, एक बँक अधिकारी, एक महाविद्यालयीन विद्यार्थी आणि चौथे प्रस्तुत वक्ते, म्हणजे केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींना प्रवास घडवणारे. कलाशाखेच्या पदवीधराने यंत्रावर बोलावे हे धाडसच. पण टिपणे लिहिण्याची सवय आमच्याच हाताला असल्यामुळे या गाडीचे दप्तर आमच्याकडे राहिले, आणि दप्तर ज्याच्याकडे त्यानेच उत्तर द्यावयाचे, हा नियम आपणां सर्वांस ठाऊक आहे.

गाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली आहे. मंडळाच्या एका दिवंगत सभासदांची ती १९६८ सालची फियाट अकराशे, जिला ‘डिलाइट’ म्हणत. तिचा जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून या घराण्याच्या गाड्या बाहेर पडल्या. आधीची गोलमटोल पाठीची फियाट महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखली जाई, आणि त्या नावात तुच्छता नसून लाड होता, हे ज्यांनी ती गाडी पाहिली त्यांना सांगावयास नको. १९६४ पासून चौकोनी अंगाची अकराशे आली. पुढे १९७० च्या दशकात तिचेच नाव आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्या मुलांनाही ती आठवत असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. नाव बदलले तरी अंग बव्हंशी तेच राहिले, ही गोष्ट आमच्या पुढे फार उपयोगी पडली.

काकांच्या पश्चात ही गाडी कोलकात्यातील त्यांच्या घराच्या मागच्या पडवीत सात वर्षे उभी होती. परदेशी असलेल्या चिरंजीवांचा आग्रह ती काढून टाकण्याचा होता, आणि एका भंगारवाल्याने भावही सांगून ठेवला होता. काकूंनी आम्हांला एक वर्षाची मुदत दिली. अट एकच होती: गणेशोत्सवात आपण या गाडीतून मंडळात यावयाचे. पाठीच्या दुखण्यामुळे टॅक्सीत बसणेही त्यांना नकोसे होते. तेव्हा गाडी नुसती चालून भागणार नव्हते, तीत बसवले पाहिजे. नाही बसवले, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला निरोप जावयाचा. इंजिन, रंग, बैठका, वायरिंग ही सर्व कामे यथावकाश झाली. त्यांची हकीकत सांगत बसत नाही. अकरा महिने झाले आणि प्रश्न उरला तो या चार वस्तूंचा. इंजिनासाठी आम्ही इतके भांडलो नव्हतो, जितके या चार नळकांड्यांसाठी भांडलो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगणे अवश्य आहे. तिच्या नावातच फसगत आहे. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा; पण धक्का तो शोषतच नाही. खड्ड्याचा धक्का घेते ती स्प्रिंग, किंवा मागच्या बाजूस पोलादी पाट्यांची जुडी. स्प्रिंगने धक्का घेतला की ती दाबली जाते आणि घेतलेले सर्व परत देऊ पाहते. म्हणजे गाडी उसळते, पुन्हा खाली बसते, पुन्हा उसळते. हे हेलकावे शमवावयाचे काम आपल्या या शॉकअपचे. बंद नळीत तेल आहे, तेलात दट्ट्या आहे, दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा आहेत. दट्ट्या हलू लागला की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते, तेल विरोध करते, आणि हेलकाव्यातील जोर उष्णतेच्या रूपाने निघून जातो. लांब खडबडीत रस्त्यानंतर शॉकअपला हात लावून पाहावा, तो कोमट लागतो. गरम न झालेला शॉकअप नुसता सोबतीला बसलेला आहे असे खुशाल समजावे.

टांग्याला पाटे असत आणि शॉकअप नसे, तरी तो इतका उसळत नसे, याचे कारण आमच्या अभियंत्यांनी छान सांगितले. पाट्यांच्या पानांचे एकमेकांवर जे घर्षण होते तेच थोडाफार शॉकअपचे काम करते. मोटारी नव्या होत्या तेव्हा प्रथम जे शॉकअप निघाले तेही घर्षणाचेच, चकत्या एकमेकींवर दाबून केलेले. तेलाचे मागाहून आले. आमच्या गाडीच्या मागच्या पाट्यांत सात वर्षांच्या गंजाने पाने एकमेकांस चिकटली होती. ती सोडवून, घासून, पुन्हा जुळवली तेव्हा गाडी मऊ झाली आणि मगच जुने शॉकअप किती मेलेले आहेत ते उघड झाले. तोवर गंजच त्यांचे काम करीत होता.

हे उघड करण्याची रीत सोपी आहे. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोराने दाबावा आणि सोडून द्यावा. वर येऊन, एकदा किंचित खाली जाऊन ती स्थिर झाली तर ठीक. पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकअप संपला. आमची फियाट चार वेळा झुलली. मात्र या एका परीक्षेवर विसंबू नये. जाम झालेल्या सांध्यांची गाडीही न झुलता उभी राहते. नळीवर तेलाचे ओघळ आहेत काय, टायरच्या कडेला ठरावीक अंतराने खळगे पडले आहेत काय, ब्रेक दाबताच नाक जमिनीला लावावयास जाते काय, हेही पाहावे. शेवटचा प्रश्न चैनीचा नाही. या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत. चाक रस्त्यावर टेकलेले असेल तरच ब्रेकला अर्थ. उसळत्या चाकाला ब्रेक लावणे म्हणजे सही नसलेला आदेश काढणे होय.

आता निवड. बँकेतील आमच्या स्नेह्यांचे मत प्रथमपासून ठाम होते: बसवावयाचेच तर सर्वांत उत्तम, म्हणजे उच्च दाबाच्या वायूचे, कडक जातीचे बसवावेत. कडक ते मजबूत, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती गादीपासून शिस्तीपर्यंत सर्वत्र लागू केली जाते. वायूच्या शॉकअपमध्ये गुण आहेत, हे खरे. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या एकात एक असतात, बाहेरच्या नळीत तेलाच्या डोक्यावर थोडी हवा असते. सतत घुसळण झाली की तेल आणि हवा मिळून ताकासारखा फेस होतो आणि फेसाला जोर नसतो. नायट्रोजन वायू दाबाने भरला की फेस होत नाही. शर्यतीच्या किंवा डोंगरी रस्त्यांवर याचा मोठा लाभ आहे.

परंतु दाबाचा वायू आपल्या दांड्याला सदोदित बाहेर ढकलीत असतो. याचा हिशोब अभियंत्यांनी वहीच्या पाठीवर करून दाखवला. दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब आणि दांड्याचा व्यास ११ मिलिमीटर धरला, तर एका शॉकअपचे ढकलणे सुमारे २४ किलो होते. चारांचे मिळून ९५ च्या जवळपास. तिरप्या बसवणीमुळे प्रत्यक्षात काही कमी. गाडी सारी ९०० किलोच्या आसपासची. म्हणजे एक जाडजूड प्रवासी कायमचा उतरून गेल्यासारखी ती वर उचलली जाणार, आणि स्प्रिंगा ज्या उंचीसाठी केल्या ती उंची राहणार नाही. आजच्या काही वायूच्या शॉकअपमध्ये दाब पुष्कळ कमी असतो, त्यांचा त्रासही त्या मानाने कमी. पण बँकेने मागितलेले ते नव्हेत.

कडकपणाचा दुसरा दोष याहून महत्त्वाचा आहे. शॉकअपला दोन दिशांना दोन प्रकारचे काम असते. चाक खड्ड्याच्या कडेवर चढताना वर येते, तेव्हा त्याला फार अडवू नये. अडवले तर तो धक्का सरळ गाडीच्या पत्र्याला आणि तेथून आपल्या मणक्याला पोचतो. स्प्रिंग उलटताना मात्र तिला चांगले धरावे. म्हणून बहुतेक गाड्यांत उलटण्याचा विरोध दाबण्याच्या विरोधाच्या दुप्पट-तिप्पट ठेवतात. तोही प्रमाणाबाहेर झाला, तर पाठोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली उतरण्यास वेळच मिळत नाही आणि गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते. हे प्रमाण स्प्रिंगच्या ताकदीवरून आणि गाडीच्या वजनावरून ठरते, खरेदी करणाऱ्याच्या हौसेवरून नव्हे. मऊ स्प्रिंगेला कडक शॉकअप देणे म्हणजे सौम्य मुलाला पहिलवान शिकवणीला ठेवणे.

ही चर्चा काकूंच्या ओसरीवर चालू असता त्या चहा घेऊन आल्या, आणि एवढेच म्हणाल्या, “हे बघा, गाडी तुम्हां तज्ज्ञांची असेल, पण पाठ माझी आहे.” बँकेची हरकत तेथेच निकालात निघाली.

विद्यार्थीमित्राची सूचना वेगळी होती आणि तरुण वयास साजेशी होती. आजच्या एखाद्या लहान मोटारीचे शॉकअप स्वस्त आहेत, हव्या त्या दुकानात आहेत. लांबी जुळेल ते घ्यावे आणि टोके जुळत नसतील तर पट्ट्या वेल्ड करून घ्याव्यात. पुष्कळ जुन्या गाड्यांचे असे होते. आमच्या मिस्त्रीदादांनी, जे चाळीस वर्षे या शहरात अँबेसेडर आणि फियाट यांच्या पोटाखाली झोपत आले आहेत, वेल्डिंगचे नाव काढताच मान हलवली. या गाडीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या पत्र्यावर नव्या पट्टीचा डाग दिला तर डागाशेजारीच तडा जावयाचा, असे त्यांचे म्हणणे.

येथे आम्हांला आमच्या कचेरीतील विद्येचाही उपयोग झाला. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चौकट, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शॉकअप बदलणे हा फेरफार नव्हे, तो झिजणारा भाग आहे. पण त्यासाठी अंगावर पट्ट्या डागणे हा निराळा प्रकार झाला. अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शने, मेळावे, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. म्हणून काकूंनी सध्या नेहमीचीच नोंदणी चालू ठेवली आहे. मात्र पुढे कोणाला तो मार्ग धरावासा वाटला तर तो आपल्या वेल्डिंगने बंद होऊ नये, हे आम्ही टिपणात लिहून ठेवले, आणि चौघांनी सह्या केल्या.

तिसरा मार्ग जुन्या साठ्याचा. मल्लिक बाजारातील जुन्या सुट्या भागांच्या गल्ल्या आम्ही तीन रविवार पालथ्या घातल्या. तेथे एका वृद्ध दुकानदाराने फडताळाच्या माथ्यावरून कागदात गुंडाळलेला, कधीही न वापरलेला जोड काढून दिला. अशी वस्तू हाती आली की मन विरघळते. पण न वापरलेले म्हणजे ताजे नव्हे. रबराचे सील बसल्या जागी वाळून टणक होते, दांड्याच्या मुलाम्यावर गंजाचा एक ठिपका उठला तरी तो खरखरीत ठिपका प्रत्येक हेलकाव्याला सील कापतो. दुकानदारानेच आम्हांला नखाने दांडा चाचपून पाहावयास सांगितले आणि ठिपका लागला तेव्हा पैसे न घेता चहा पाजला. असा व्यापारी भेटणे हाही रविवारचा लाभ. दुसऱ्या एका शहरातून टपालाने मागवलेल्या जोडाची कथा उलट. वेष्टण झकास, आत मात्र कोणा भलत्याच गाडीची नळी नवा रंग देऊन पाठवलेली. हाताने दाबली तर एका दिशेला विरोध, दुसऱ्या दिशेला सायकलचा पंप. ती परत करण्यासाठी जो पत्रव्यवहार झाला त्याची फाइल स्वतंत्र आहे.

मग मोजमाप. हे काम ज्याला टाळावेसे वाटते त्याने शॉकअप बदलूच नयेत. गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या चाकांवर उभी असताना वरच्या जोडापासून खालच्या जोडापर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर चाक जॅकने वर उचलीत रबरी अडथळ्याला पुरते टेकवावे आणि अंतर घ्यावे. मग ते लोंबू द्यावे आणि पुन्हा घ्यावे. समजा टेकलेल्या स्थितीत अंतर २४० मिलिमीटर भरले आणि लोंबलेल्या स्थितीत ३५०. तर शॉकअप पुरता मिटल्यावर २४० हून आखूड आणि पुरता उघडल्यावर ३५० हून लांब असला पाहिजे, दोन्हीकडे थोडी जागा राखून. मिटलेला शॉकअप अडथळ्याच्या आधी तळाला लागला तर तो धक्का रबराऐवजी दट्ट्यावर बसतो, आणि दट्ट्या एका पावसाळ्यात निकामी होतो. दुकानांत मात्र गाडीचे नाव विचारतात, अंतर कोणी विचारीत नाही. टोकांचे प्रकारही पाहावे लागतात, कान आहे की आटे पाडलेली खुंटी, कानातील बुशाचे भोक किती. आणि शॉकअप जेथे स्प्रिंगच्या पोटात बसतो तेथे नळीची जाडीही. ही कोष्टके आम्ही जोडपत्र म्हणून ठेवली आहेत, कोणास हवी असल्यास मिळतील.

मोजमाप हाती आल्यावर भांडण आपोआप मिटले. पद्मिनीसाठी केलेले साधे, तेलाचे, दोन नळ्यांचे शॉकअप या आकड्यांत चपखल बसत होते, आणि विरोधाचे प्रमाणही मूळ स्प्रिंगांसाठीच ठरवलेले. आपल्या देशात ही विद्याही जुनी आहे. गॅब्रिएल इंडिया हा शॉकअपचा कारखाना १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झाला, म्हणजे कुर्ल्याहून काही स्थानके पलीकडे. मुंबईतील एका भरवशाच्या दुकानातून चारही नग आमच्या अभियंत्यांनी स्वतः पारखून घेतले आणि गीतांजली एक्स्प्रेसने, बर्थखाली आडवे ठेवून, हावड्याला आणले. चारच का, पुढचे दोन पुरेसे नव्हते काय, असे विचारले गेले. एका धुरीवर एक नवा आणि एक जुना असे कधीच करू नये. आणि पुढे नवे, मागे मेलेले अशी गाडी वळणावर कोणत्या टोकाने बोलेल ते सांगता येत नाही.

आडवे आणले हे मुद्दाम सांगितले. आडव्या प्रवासात बाहेरच्या नळीतील हवा आतल्या नळीत शिरते. म्हणून बसवण्यापूर्वी प्रत्येक शॉकअप उभा धरून पुरता उघडावा, मग मिटवावा, असे पाच-सहा वेळा करावे. आरंभी मध्येच एक पोकळ जागा लागते, ती नाहीशी झाली की तो तयार. नवा शॉकअप खराब निघाला अशी तक्रार ऐकली की आम्ही आता प्रथम हेच विचारतो. दुसरी गोष्ट मिस्त्रीदादांची. बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावावेत. शेवटची आवळणी गाडी चाकांवर उतरवून, आत माणसे बसवूनच करावी. अधांतरी आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकते आणि काही महिन्यांत फाटते. आवळणीच्या वेळी आत वजन म्हणून आम्ही तिघे बसलो होतो. मंडळाच्या कार्यात आमचे वजन पडल्याचा तो पहिलाच प्रसंग.

चाचणीसाठी मुद्दाम ट्रामचे रूळ असलेला रस्ता निवडला. रूळ ओलांडताना चाक वर जाते, लगेच खाली येते, आणि दोन रुळांमधील फरशा त्यात भर घालतात. यापेक्षा कठोर परीक्षक या शहरात नाही. ताशी वीसने गेलो, मग तीसने. गाडी एकदा मान तुकवी आणि सरळ होई. दुसऱ्या फेरीत मागे काकू होत्या, कडेला उशी आणि हातात छत्री. रूळ ओलांडले तेव्हा आम्ही चौघेही आरशात पाहत होतो. त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. परत येताना मात्र त्यांनी विचारले, “रूळ गेले का रे मागे?” गणेशोत्सवात त्या त्याच गाडीतून आल्या, हे आपण पाहिलेच; आरतीनंतर परतताना गाडीत आणखी दोन आज्जी होत्या. भंगारवाल्याला निरोप गेला, तो नकाराचा.

बसवल्यानंतर पाचशे किलोमीटरांनी सर्व बोल्ट पुन्हा पाहिले. मागचा डावा थोडा सैल सापडला, तो आवळला. नव्या रबराचे तसे होते. जुने चार शॉकअप आम्ही टाकलेले नाहीत. पुसून, कागदात गुंडाळून, कोणता कोणत्या चाकाचा ते लिहून काकूंच्या माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले आहेत. खर्चाचा ताळेबंद बँकेने तयार केला असून तो आजच खजिनदारांकडे दिला आहे. रविवारच्या गैरहजेरीबाबत एवढेच निवेदन, की पुढील महिन्यात पावसाळ्यापूर्वी दरवाजांची रबरे बदलावयाची आहेत.